'हॉटेल रवांडा' की 'को वादिस, आयदा?'

नौपाड्यातल्या वहिनींचा शनिवारचा पेच: दहावीतल्या लेकासोबत या दोन सिनेमांतला कुठला बघायचा? पोस्टरवरची बक्षिसं बाजूला ठेवू.

भाषेत 'रवांडा' (२००४) सोपा, इंग्रजी आहे. 'आयदा'ला (२०२०) सबटायटल वाचत बसावं लागतं, सासूबाई दहा मिनिटांत उठतील.

हिंसा दोन्हीत अंगावर येते, पण तऱ्हा वेगळी. 'रवांडा'त धुक्यात गाडी खडखडते, उतरून बघावं तर रस्ताभर प्रेतं. 'आयदा'त रक्त जवळजवळ नाहीच. सर्ब सैनिक भुकेल्या गर्दीला पाव वाटतात, तेवढ्यानंच पोटात गोळा येतो. नवरा आणि दोन मुलगे वाचावेत म्हणून आयदा ही दुभाषी बाई संयुक्त राष्ट्रांच्या तळभर नुसती धावत असते. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले, हे ठाऊक असूनही आपण आशा धरून बसतो.

खरेपणात मला 'आयदा' उजवा वाटतो, पात्र काल्पनिक असूनही. 'रवांडा'तल्या, लोकांना हॉटेलात आसरा देणाऱ्या हॉटेलवाल्याच्या शौर्यावर तिथून वाचलेल्या काहींनीच आक्षेप घेतलाय.

लेकाला १९९४ चा रवांडातला नरसंहार पहिल्यांदाच कळणार असेल, तर 'रवांडा'. वहिनी, सगळे झोपल्यावर तुम्ही एकट्या बघणार असाल, तर 'आयदा'. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल नको.