सात महिने, तीन उंदीर आणि एक ट्रे: मोठ्या पिंजऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

मध्यंतरी एका रात्री पावणेतीनला ठमी पिंजऱ्याबाहेर सापडली. कपाटामागे, धुळीने माखलेली, आणि मी दोन तास जमिनीवर पालथी पडून तिला हाका मारत होते. कुठून बाहेर पडली हे शोधायला वेळ लागला नाही. ट्रेच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला लिंबाएवढं भोक पडलं होतं. चार्जरची वायर तिने दोन ठिकाणी सोलली होती, नशीब की तो प्लगमध्ये नव्हता. पिंजरा घेऊन सात महिने झाले, पहिले दोन महिने मी विचारेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होते, ते शब्द मागे घ्यायचेत म्हणून हे लिहायला घेतलंय.

मॉडेल म्हणाल तर दोन मजली उंच, काळ्या पावडर कोटिंगचा, पुढे दोन पाखांचं दार असलेला. 80 बाय 50 बाय 120 सेंटिमीटर. माझ्याकडे तीन माद्या आहेत, ठमी, चिंगी आणि पमी, आल्या तेव्हा जेमतेम सहा-सात आठवड्यांच्या होत्या.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच आहे. तारांमधलं अंतर 12 मिलिमीटर आहे आणि ते सगळीकडे तेवढंच आहे, मी स्वतः पट्टी घेऊन मोजलं. लहान पिल्लं आणि माद्यांसाठी हे सगळ्यात आधी बघायचं. एक इंचाच्या जाळीतून माझी पमी तेव्हा सहज निघून गेली असती, उंदराचं डोकं जिथून गेलं तिथून बाकीचं अंग जातंच. तारा आडव्या आहेत, त्यामुळे तिघी भिंतीवरून शिडीसारख्या चढतात. दार मोठं आहे. ज्यांनी छोट्या दाराच्या पिंजऱ्यातून घाबरलेला उंदीर बाहेर काढलाय त्यांना याची किंमत कळेल, हात कोपरापर्यंत आत घालून त्याला कोपऱ्यात दाबून धरावं लागत नाही, दोन्ही पाखं उघडली की उंदीर आपला चालत हातावर येतो.

जागेचं गणित थोडं जपून करा. एका उंदराला दोन ते अडीच घनफूट धरतात, हा पिंजरा साधारण 17 घनफूट भरतो, म्हणून खोक्यावर आठ उंदीर लिहिलंय. पण त्यातली बरीचशी नुसती उंची आहे, हवा. मधे मजले, फळ्या, झोळ्या भरल्याशिवाय ती जागा वापरात येत नाही, आणि उलट वरून कोणी पडलं तर थेट तळाला आपटतं. मी पहिल्याच आठवड्यात मधे दोन मोठ्या सुती झोळ्या पूर्ण रुंदीच्या बांधल्या, पडलं तर झोळीत पडेल अशा. पमी दोनदा पडलीय, दोन्ही वेळा झोळीनेच झेललं. तिचे डोळे लाल आहेत, अशा उंदरांना फार कमी दिसतं, उडी मारायच्या आधी ती मान डावी-उजवी हलवत अंतराचा अंदाज घेत बसते, तो चुकतोही. अशा उंदरांसाठी मजले एकमेकांच्या जवळ ठेवा.

सोबत आलेल्या लाकडी फळ्या मी तिसऱ्या महिन्यात काढून टाकल्या. लाकूड शू पितं आणि मग कितीही धुवा, वास जात नाही. चाक वेगळं घ्यावं लागलं, निदान 30 सेंटिमीटर व्यासाचं आणि भरीव पट्ट्याचं. छोट्या चाकात पाठ उलटी वाकते, आणि तारेच्या चाकात पाय किंवा शेपूट अडकायची भीती.

आता ट्रे.

पिंजऱ्याच्या तळाला तारेची जाळी आहे आणि तिच्याखाली खाचेत सरकणारा प्लास्टिकचा ट्रे, जेमतेम 3 सेंटिमीटर खोल. कल्पना अशी की लेंड्या जाळीतून खाली पडतील आणि आपण ट्रे ओढून साफ करायचा. ती जाळी मी पहिल्याच दिवशी काढली आणि आजही माझ्या मते तेच बरोबर होतं. उंदराच्या तळव्यांना केस नसतात, सतत तारेवर चाललं की तळवे सुजतात, मग तिथे गाठ, मग जखम, आणि ती जखम महिनोन् महिने बरी होत नाही. व्हेटकडे एकदा दुसऱ्या कोणाचा तसा पाय पाहिला होता, ते चित्र डोक्यातून गेलं नाही. तर जाळी काढली, ट्रेमध्ये थेट कागदाच्या गोळ्यांचं बेडिंग घातलं. 3 सेंटिमीटरच्या काठात बेडिंग राहतं किती? अर्धं रोज सकाळी फरशीवर. चिंगीला उकरायची सवय आहे, ती मागच्या पायांनी अशी भिरकावते की समोरच्या भिंतीपर्यंत जातं. दिवसातून दोनदा केर काढत होते, पण तेही चाललं असतं.

चाललं नाही ते हे की ट्रे आणि खाचेच्या मधे बोटभर फट आहे आणि शू त्या फटीतून ट्रेच्या खाली जाते. वरून बघितलं तर सगळं कोरडं, स्वच्छ. दुसऱ्या महिन्यात खोलीत वास यायला लागला, मी बेडिंग बदललं, झोळ्या धुतल्या, कापडं धुतली, वास तसाच. शेवटी पूर्ण ट्रे बाहेर काढून खालचा पत्रा पाहिला, तिथे पांढरा-पिवळा थर जमला होता. त्याच आठवड्यात ठमी शिंकत होती आणि नाकाभोवती लालसर डाग दिसत होते. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लाल स्राव असतो, पण त्रास किंवा ताण असला की तो वाढतो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, पिंजऱ्याला वास येतो का? शू कुजली की अमोनिया तयार होतो, आणि पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आधीपासून असतोच, अमोनियाने श्वासनलिका चिडली की तो डोकं वर काढतो. याच कारणासाठी बंद काचेच्या टाकीत उंदीर ठेवू नका म्हणतात. मी एवढा हवेशीर पिंजरा घेतला आणि फटीपायी तेच पदरात पडलं. ठमीला औषधं चालली, बरी झाली. तेव्हापासून दर तीन दिवसांनी ट्रे बाहेर काढून खालचा पत्रा पांढऱ्या व्हिनेगरने पुसत होते, व्हिनेगरने तो थर सुटतो, साबणाने सुटत नाही.

मग कुरतडणं सुरू झालं. पाचव्या महिन्यापासून.

मी कस्टमर केअरला भोकाचा फोटो पाठवला, नवीन ट्रे हवाय, पैसे द्यायला तयार आहे असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं, जनावराने कुरतडलेल्या भागाला वॉरंटी नाही. मी लिहिलं, वॉरंटी मागतच नाहीये, विकत द्या. तर म्हणे ट्रे सुटा मिळत नाही, खालचा पूर्ण भाग घ्यावा लागेल, त्याची किंमत अख्ख्या पिंजऱ्याच्या निम्मी. पुढच्या मेलमध्ये माझ्याच फोटोकडे बोट दाखवून लिहिलं की तुम्ही तळाची जाळी काढलेली दिसते, जाळी लावलेली असती तर दात ट्रेपर्यंत पोचलेच नसते, म्हणजे वापर चुकीचा. मला इतका राग आला की त्या दिवशी उत्तरच दिलं नाही. ज्याचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, ज्याला कुरतडल्यावाचून गत्यंतर नाही, अशा जनावरासाठी पिंजरा बनवता आणि कुरतडणं हा चुकीचा वापर?

पण रात्री विचार केला की एका मुद्द्यात तथ्य आहे, जाळी होती तर दात खरंच पोचले नसते. म्हणून परत लावून बघितली, वर फ्लीसचं जाड, मऊ कापड अंथरून. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लीस गोळा होऊन कोपऱ्यात घरटं झालेलं आणि तिघी उघड्या तारेवर. क्लिपा लावल्या, क्लिपा काढल्या. चौथ्या दिवशी पमीच्या मागच्या पायाचं नख तारेत अडकून तुटलं. झालं, जाळी माळ्यावर गेली ती कायमची.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, पुढचं चार आठवड्यांनी लिहितेय, आणि माझं मत थोडं बदललंय.

आधी मला वाटत होतं प्लास्टिक हाच दोष. पण कुरतडलेला ट्रे उन्हात नेऊन नीट पाहिला तर तळाच्या सपाट भागावर एक ओरखडा नाही. सगळं कुरतडणं काठाच्या ओठावर. उंदराला सपाट पृष्ठभागात दात रोवताच येत नाहीत, त्याला कड लागते, वरचे दात टेकवायला एक बाजू आणि खालच्या दातांनी खरवडायला दुसरी. या ट्रेचा काठ बाहेर वळवायच्या ऐवजी आत वळवलाय, बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीवर. हाच काठ तारांच्या बाहेर असता तर हेच प्लास्टिक कित्येक वर्षं टिकलं असतं. भाचीकडच्या जुन्या साध्या पिंजऱ्याचा खोल प्लास्टिकचा तळ दीड वर्षात तसाच आहे, कारण त्याची कड बाहेर आहे. म्हणजे दोष ट्रेचा आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यातला आहे, प्लास्टिकचा नाही. कुरतडलेलं पोटात गेलं का ही भीती होती, डॉक्टर म्हणाले कुरतडताना ते ओठांच्या आतल्या बाजूने दातांमागची जागा बंद करून घेतात, त्यामुळे कीस बहुतेक बाहेरच पडतो. ट्रेखाली मूठभर सापडला तो तोच.

शेवटी मी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून स्टेनलेस स्टीलचे दोन ट्रे बनवून घेतले. कंपनीच्या त्या खालच्या भागाच्या तुलनेत पाव खर्चात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त पडतो, पण शूने त्याचा जस्ताचा थर जातो आणि गंजतो, म्हणून स्टीलच घेतलं. एक अख्खा ट्रे दारातून आत जाईना म्हणून दोन केले, आणि दोघांच्या मधे परत फट नको म्हणून उजव्याचा काठ डाव्याच्या काठावर चढतो अशी दुमड मारून घेतली. ती दुमड काढून दाखवायला मी कागदाचा नमुना कापून नेला होता, तुम्हीही न्या, तोंडी सांगून कळत नाही. खोली 10 सेंटिमीटर, कारण दाराची खालची चौकट तेवढ्याच उंचीवर आहे, त्याहून खोल केला तर दार उघडल्यावर ट्रे आड येतो. सगळ्या कडा आत दुमडून दाबलेल्या, हात फिरवला तरी कापत नाही. जुन्या ट्रेची पुढची खाच पत्र्याची पट्टी स्क्रूने लावून बंद केली.

फरक सांगायचा तर केर आता तीन दिवसांतून एकदा. पूर्ण थर भरता येतो, चिंगी हवं तेवढं उकरते. वास नाही, ठमी शिंकत नाही. एक त्रास आहे, रात्री स्टीलवर नखांचा आणि लेंड्यांचा आवाज होतो, बेडिंगखाली जुनं ब्लँकेट कापून घातलं तेव्हा कमी झाला, आणि थंडीत ते तसंही लागेलच. बेडिंग म्हणून देवदार किंवा वाळवणीभट्टीतून न गेलेल्या पाइनचा भुसा घालू नका, त्यातल्या सुगंधी तेलांनी फुप्फुसाला त्रास होतो, मी कागदावरच आहे. दोन ट्रे झाल्याचा एक फायदा आधी सुचलाच नव्हता. एका वेळी एकच धुते. दोन्ही एकदम धुतले की सगळा ओळखीचा वास जातो आणि तिघी घाबरल्यासारख्या भराभरा परत शू करत सुटतात, एक तसाच ठेवला की शांत असतात.

कंपनीचं शेवटचं मेल गेल्या आठवड्यात आलं, तुमची सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे, एवढंच. मी उत्तरात दोन्ही ट्रेची मापं आणि फोटो पाठवलेत, काठ बाहेर वळवा असं लिहून.

पाचपैकी किती ते विचाराल तर ट्रे सोडून चार, ट्रे धरून दोन. घेणारच असाल तर दुकानात ट्रे पूर्ण बाहेर ओढा, काठावरून बोट फिरवा, आतल्या बाजूला नख अडकेल अशी कड लागली तर तिथे दातही अडकणार. आणि खाचेत बोट घालून फट बघा. माझ्यासारखे स्टीलचे करून घेणार असाल तर आतली मापं तळाशी घ्या, वर नको, चौकट खाली थोडी निमुळती आहे, आणि चारही बाजूंनी 3 मिलिमीटर कमी सांगा. माझा पहिला ट्रे अडकला होता, परत नेऊन ठोकून घ्यावा लागला.