जीपला टर्बो इंजिन बसवून देतो म्हणून दीड लाखाला फसवलं, कृपया पूर्ण वाचा

आमच्या आप्पांची १९९४ ची एमएम ५४० जीप आहे, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. आप्पांनी जिवापाड सांभाळलेली गाडी, पण चार माणसं बसली की यवतेश्वरचा घाट सेकंडवरच चढायचा आणि मागं ट्रॅफिक लागायचं. म्हणून मी टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, त्यानं ताकद वाढते) टाकायचं मनावर घेतलं. ओळखीतून पुण्याजवळचा एक गॅरेजवाला कळला. नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे.

तो म्हणाला बोलेरोचं २५२३ सीसी टर्बो टाकू, फुल काम केलेलं इंजिन आहे, रिंग पिस्टन नवीन, टर्बो नवीन, १ लाख ६५ हजार, आरटीओचं पण मीच बघतो. आणि वर म्हणाला, "जुनं इंजिन राहू दे दादा इकडंच, त्याचे १५ हजार कमी करतो." मला तेव्हा ते चांगलंच वाटलं. दीड लाख दिले, त्यातले १ लाख २० हजार आधीच. बिल मागितलं तर कच्च्या कागदावर लिहून दिलं, ना शिक्का ना जीएसटी नंबर, आणि इंजिन कुठल्या गाडीतून काढलं त्याचा तर एकही कागद नाही.

महिनाभरात देतो म्हणालेली गाडी साडेतीन महिन्यांनी मिळाली. इंजिनला काळा रंग मारलेला, इतका ताजा की बोटाला लागत होता. चालवली तर पिकअप खरंच मस्त, त्यामुळं मी काहीच तपासलं नाही.

तीन आठवड्यांनी पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात अर्ध्यावर मागं निळ्या-पांढऱ्या धुराचा लोट आणि इंजिनचा आवाज आपोआप वाढायला लागला. ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला तरी वाढतोय, चावी बंद केली तरी इंजिन चालूच! बायको आणि मुलगा मागं बसलेले. टर्बोचं सील गेलं की टर्बोतलं ऑइल इनटेकमधून आत जातं आणि डिझेल इंजिन तेच ऑइल जाळत पळतं, मग चावीचा काही उपयोग नाही, हे एका मिस्त्रीनं कधीतरी सांगितलेलं आठवलं म्हणून वाचलो. कडेला घेऊन चौथा गिअर टाकला, ब्रेक पूर्ण दाबून धरला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठं दणका बसून बंद पडलं. हात अर्धा तास थरथरत होते.

गाडी टो करून साताऱ्यात आणली आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं खोललं. टर्बोचा पाईप काढला तर त्यातून वाटीभर ऑइल आलं. शाफ्ट दोन बोटांत धरला तर चक्क वरखाली हलत होता, पंखे घासलेले. चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवला तर ऑइलच्या जाळीला सिलिकॉन गॅस्केटचे तुकडे चिकटलेले, म्हणजे टर्बोला ऑइलच नीट पोचत नव्हतं, आणि टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेतो, त्याला ऑइल कमी पडलं की संपलाच. रिंगा जुन्याच. गाडी ताब्यात घेतानाच इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं असतं तर भकाभक धूर आला असता आणि बॅक कॉम्प्रेशन (झिजलेल्या रिंगांमधून गॅस खाली ऑइलकडं येणं) तिथंच कळलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं ते.

पण खरा धक्का पुढं आहे. मिस्त्रींनी पेट्रोलच्या चिंधीनं इंजिन नंबराच्या जागेवरचा रंग पुसला तर खाली नंबरच नाही, ग्राइंडरच्या तिरक्या रेघा. म्हणजे इंजिन चोरीच्या गाडीचं पण असू शकतं. आरसी बुकात जुन्या इंजिनचा नंबर, गाडीत बिननंबरी इंजिन. आरटीओत चौकशी केली तर कळलं की त्यानं अर्जसुद्धा केला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असल्या बदलाला परवानगी लागते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकालाच प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. तो गॅरेजवाला यात कुठंच नाही, कागदावर फक्त आपण असतो.

आता आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी न्यायची सोय नाही. मूळ इंजिन परत टाकलं तर सगळं सरळ होईल, पण ते मागायला गेलो तर म्हणतो भंगारात गेलं. बाबांनो, काहीही करा पण नवीन इंजिन तुमच्या नावावर आरसीला चढल्याशिवाय जुनं हातचं सोडू नका, पंधरा हजारासाठी तर अजिबात नाही.

आप्पांना अजून मी पूर्ण सांगितलेलं नाही, ते रोज विचारतात गाडी कधी येणार. आमच्या इंजिनच्या टॅपेट कव्हरला (इंजिनवरच्या झाकणाला) हिरवा रंग आहे आणि त्यावर आप्पांनी पांढऱ्या पेंटनं ऑइल बदलल्याच्या तारखा लिहिलेल्या आहेत, शेवटची दिवाळीच्या आधीची. पुण्याच्या आसपास कुणाला भंगारवाल्याकडं किंवा गॅरेजात असं प्यूजो इंजिन दिसलं तर प्लीज ते इंजिन तिथंच थांबवून ठेवा आणि मला कळवा, मी त्याच दिवशी टेम्पो घेऊन येतो.