स्विफ्टचा पिकअप, ट्रॅक आणि आपलं बजेट: काही महिने वापरून झालेलं मत

गाडी २०१५ची स्विफ्ट पेट्रोल, झेडएक्सआय. १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन, कागदावर ८४ पीएस (ताकद) आणि ११५ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ), टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र नाही. एरवी मुलुंड ते अंधेरी, म्हणजे जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) क्लच दाबत बसायचं. अधूनमधून ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायचा दिवस. जवळचा ट्रॅक म्हणजे तळेगावकडचा नानोली, आणि रजा जुळली तर पार कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. गाडी तीच, चालवत न्यायची आणि चालवतच घरी आणायची. त्यामुळे जे काही करायचं ते मुंबईच्या खड्ड्यांना आणि पीयूसीला चालेल असंच हवं होतं. बजेट साधारण चाळीस हजार. उन्हाळ्यात काम केलं, आता पावसाळाही संपला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी निकाल सांगतो: या इंजिनाला ट्रॅकवर पिकअप हवा असेल तर बॉनेट उघडायची फारशी गरज नाही. पैसा चाकांपाशी घाला.

सगळ्यात जास्त फरक पडला टायरने. कंपनीचा साइज १८५/६५ आर१५ (रुंदी मिमीत, साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम किती इंची). अलॉय तेच ठेवून १९५/५५ आर१५ टाकले. रुंदी थोडी वाढली, पण खरी गोम उंचीत आहे. जुन्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिमी, नव्याचा ५९५. म्हणजे चाक चार टक्क्यांनी लहान झालं, म्हणजेच प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी आखूड: ओढ वाढते, त्या गिअरमधला कमाल वेग घटतो. गिअरबॉक्सला हात न लावता, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची दातेरी जोडी) न बदलता. शिवाय कंपाउंड, म्हणजे टायरचं रबर, मऊ घेतलं. पूर्वी दुसऱ्या गिअरमधल्या वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक नुसतं फिरायचं आणि गाडी बाहेर ओढली जायची. आता अर्धं वळण उरलेलं असतानाच पाय देता येतो.

करीसारख्या २.१ किमीच्या ट्रॅकवर हे फार कामाचं आहे. ट्रॅक छोटा, म्हणून वळणातून किती वेगाने बाहेर पडता यावरच सगळं. तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या आसपास सात-आठ किमीने वेग वाढवायला हे इंजिन सेकंदाहून जास्त घेतं. तोच वेग वळणातूनच सोबत आणला तर तो फुकट मिळाला, आणि पुढच्या ब्रेकिंग पॉइंटपर्यंत त्याचा फायदा चालू राहतो. तेवढा फायदा बॉनेटखालून काढायला किती खर्च येईल, विचारू नका.

आता तोटे. स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा जास्त दाखवतो. गाडी १३ मिमी खाली आली, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर चार जण बसले की खालून खर्रकन आवाज येतो. साइडवॉल बुटकी झाल्याने खड्डा थेट मणक्यात. आणि ट्रॅकवर एके ठिकाणी, ब्रेक मारायच्या ऐन आधी, तिसरा गिअर संपतो आणि चौथा टाकावा लागतो, तिथे थोडं जातं. एकूण हिशोब तरीही फायद्याचाच. सेटला चोवीस हजारांच्या आसपास गेले, बजेटमधला सगळ्यात मोठा घास हाच.

टायर घेतले आणि हवा नेहमीसारखी ३३ पीएसआय भरून निघालात तर अर्धे पैसे पाण्यात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी, जे कधीकाळी रॅली चालवायचे, पिटमध्ये टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारून दिल्या. दोन-तीन लॅप मारून आलो, तर पुढच्या डाव्या टायरवर खडू साइडवॉलवरच्या छोट्या त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसलेला. म्हणजे टायर वळणात मुडपतोय. काका म्हणाले, "पुढे हवा वाढव दोन पॉइंट, मागे आहे तीच राहू दे." पुढच्या फेरीत खडू बरोबर त्रिकोणापाशी थांबला. गरम टायरवर हवा चार-पाच पीएसआयने चढते, म्हणून हिशोब गरम असतानाच करायचा. खडूचा खर्च सांगायला नको.

दुसरा नंबर वजनाचा, तोही जवळजवळ फुकट. स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतला सगळा पसारा पिटमध्येच उतरवतो. पेट्रोल टाकी ४२ लिटरची. फुल न करता अर्ध्यापेक्षा कमी ठेवली तर तिथेच वीसेक किलो वाचतात. अगदी तळाला नेऊ नका, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन गचके खातं. सगळं मिळून पन्नास किलोच्या आसपास उतरतं. ड्रायव्हर धरून हजार-साडेदहाशे किलोच्या गाडीत हे पाच टक्के झाले. तेवढाच परिणाम इंजिनातून मिळवायचा तर चार पीएस वाढवावे लागतील. आणि वजन कमी केल्याचा फायदा ब्रेकिंगमध्येही मिळतो, वळणातही मिळतो. पीएसचा मिळत नाही.

आता त्या चार पीएसबद्दल. ठाण्याच्या बाजूला एका ट्यूनरने रीमॅपचे (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलण्याचे) अठरा हजार सांगितले आणि "पाच-सहा तर नक्की वाढतील" म्हणाला. डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागितला तर दुसऱ्याच गाडीचा दाखवला. मी नमस्कार केला आणि निघालो. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वातावरणाच्याच दाबाने शिरते. संगणकाला वाढवायला हाताशी असतं ते थोडं टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) आणि थोडं इंधन. माझ्या मित्राची पोलो १.० टीएसआय आहे, मूळची ११० पीएस, १७५ एनएम. तिथे टर्बो आहे, त्याचा बूस्ट म्हणजे हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून रीमॅपने गाडी खरोखर बदलली. त्याच्यासाठी पहिला खर्च तोच. स्विफ्ट, आय१०, जॅझवाल्यांनी त्याचं बघून उडी मारू नये.

याच मित्राचा जुना उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, बॉक्स नसलेला एअर फिल्टर) माझ्या गाडीत महिनाभर होता. आवाज झकास. पाय दिला की इंजिन असं हुंकारतं की गाडी पळतेय असंच वाटतं. स्टॉपवॉच मात्र ढिम्म. कारण सोपं आहे: कंपनीचा बॉक्स बाहेरची हवा ओढतो, उघडा फिल्टर बॉनेटमधली तापलेली. हवा दहा अंशांनी गरम झाली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, आणि मे महिन्यात जेव्हीएलआरवर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली दहा अंश म्हणजे काहीच नाही. वर पावसात तुंबलेल्या पाण्यातून जाताना छातीत धडधड. परत दिला. कंपनीचाच फिल्टर नवा टाकला, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली. जुनी गाडी असेल तर हरवलेला पिकअप एवढ्यानेच परत येतो.

एक्झॉस्टच्या वाटेला गेलोच नाही. मुंबई पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

ब्रेकवर मात्र खर्च केला, आणि पिकअपच्या लेखात ब्रेक कशाला असं विचारणाऱ्याने एकदा तापलेल्या ब्रेकने लॅप मारून बघावी. पेडल मऊ पडलं की माणूस आपोआप आधीपासून ब्रेक मारायला लागतो आणि सरळ रस्त्याचा शेवटचा तुकडा वाया जातो. पुढे चांगले पॅड, आणि डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड. नव्या डॉट ४चा उकळबिंदू किमान २३० अंश, पण पाणी शोषलं की हीच मर्यादा १५५वर येते. फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं असतं काय! म्हणून पावसाळ्यानंतर बदलायचंच, किलोमीटर किती झाले ते न बघता. पॅड आणि फ्लुइड, मजुरीसकट साडेचार हजार. पॅड थंड असताना सकाळी थोडे किंचाळतात, वॉचमन वळून बघतो.

अलाइनमेंटही ट्रॅकला निघण्याच्या आठवड्यातच करून घ्या. महिनाभर आधी केलेली टो सेटिंग (चाकं वरून पाहता किती सरळ आहेत ते) भांडुपच्या खड्ड्यांत कधीच विरघळून गेलेली असते.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असे बदल चालत नाहीत. आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, त्यामुळे ट्रॅकवर ठोकली तर खिशातून.

बजेटमधले अजून दहा-अकरा हजार शिल्लक आहेत. कॅम्बर बोल्टचं, म्हणजे चाक वरच्या बाजूने किंचित आत कलवणाऱ्या बोल्टचं, डोक्यात आहे. पुढचे टायर बाहेरच्या कडेला जास्त घासतायत, तो त्रास त्याने कमी होईल. आतल्या कडेच्या झिजेचं शहरात काय होतं ते या हिवाळ्यात कळेल. कुणी स्विफ्टला लावून रोज चालवत असेल तर किती डिग्री ठेवलंय ते सांगा.