जास्वंद लावू की एक्झोरा?

कंपाउंडच्या कडेला बारमाही हिरवं राहील आणि फुलंही देईल असं झुडूप हवं असेल तर नर्सरीवाला हमखास ही दोन पुढे करतो. दोन्ही चांगलीच आहेत, पण फूल बघून ठरवू नका, आधी आपली माती आणि पाणी बघा.

एक्झोराला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते, म्हणून कोकणात, गोव्यात जांभ्या मातीत तो काही न करता असा फुलतो की पानं दिसत नाहीत. तोच पुण्याकडे काळ्या मातीत लावला आणि वर बोअरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी दिलं की नवी पानं पिवळी पडायला लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय, मग अजून तेच पाणी ओततात! खरं तर लोह मातीत असतं पण अशा आंबट नसलेल्या मातीतून झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह फवारलं की सुधारतं, पण ते परत परत करावं लागतं. त्यापेक्षा अशा ठिकाणी एक्झोरा मोठ्या कुंडीत, भरपूर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट घालून लावा आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या.

जास्वंदीचे मातीबाबत एवढे लाड नाहीत, फक्त पाणी साचू देऊ नका आणि निदान पाच-सहा तास ऊन द्या. पण तिला पांढरा मावा म्हणजे मिलीबग फार. मुंग्या खोडावरून वर जाताना दिसल्या की लगेच कळ्यांच्या देठापाशी बघा, कापसासारखं काहीतरी चिकटलेलं असतंच. पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग संध्याकाळी पाण्यात थोडं नीमतेल आणि दोन थेंब लिक्विड सोप मिसळून फवारा. मोठ्या फुलांच्या हायब्रीड जाती दिसतात सुंदर, पण माझं मत विचाराल तर साधी देशी लालच घ्या, ती काटक असते आणि गणपतीला रोज फूल मिळतं.

जास्वंदीचं फूल बहुतेक एकच दिवस टिकतं, एक्झोराचा गुच्छ कित्येक दिवस राहतो, त्यावर फुलपाखरंही खूप येतात, नशीब असेल तर आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतसुद्धा. छोटं नीटस कुंपण हवं असेल तर बुटका एक्झोराच, दीड-दोन फुटांवर एकेक रोप. जास्वंद आडवीतिडवी पसरते, तिला तीन-चार फूट सोडा. ती नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळे छाटायला घाबरू नका.

आणि ऊनच कमी असेल तर या दोघांचा नाद सोडा, सरळ तगर लावा.