जिओजेब्रा: आठवीच्या वर्गात वापरून बघितलं

चाळीसगावजवळच्या खेड्यात आठवीला गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी शाळेने एक 'इंटरॅक्टिव्ह' गणिताचा सेट घेतला होता, चांगले १८ हजार मोजून, कंपनीचं नाव घेत नाही. त्यात इंटरॅक्टिव्ह काय तर नेक्स्टचं बटण! कार्टूनमधला मास्तर बडबडतो, पोरं बघत बसतात, आणि डोंगल हरवला तेव्हापासून तर तेही बंद.

मग जिओजेब्रा टाकलं. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टरने २००१ मध्ये शिकत असताना सुरू केलेलं, आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर आहे, जॉमेट्री आणि अल्जेब्रा मिळून नाव, धंदा करायचा नसेल तर फुकट. त्याची क्लासिक ५ ही आवृत्ती एकदा डाउनलोड केली की नेट लागत नाही, आपल्याकडे हे आधी बघावं लागतं.

पहिली फाइल केली शिरोलंबाची. बहुभुजाच्या टूलने त्रिकोण काढला, प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला लंब टाकला, पाया दाखवायला छेदनबिंदू घेतला, झकास. रात्री घरी सगळं चाललं आणि वर्गात एका पोराने माउसने शिरोबिंदू ओढून कोन विशाल केला तर दोन शिरोलंबांचे पाये गायबच! मला घाम फुटला. नंतर लक्षात आलं की चूक माझीच, मी लंब बाजूच्या रेषाखंडाशी छेदवला होता आणि विशालकोन त्रिकोणात लंबाचा पाया त्या रेषाखंडाच्या बाहेर पडतो, मग छेदणार कुठे. बाजूंवरून पूर्ण रेषा काढल्या, छेद तिथे घेतला, झालं. फळ्यावर मी वर्षानुवर्षं "बाजू वाढवून घ्या रे" म्हणत आलो, ती का वाढवायची हे पोरांना त्या दिवशी कळलं, खरं सांगायचं तर मलाही जरा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी परत ओढलं. लघुकोन असताना शिरोलंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू, आत, काटकोनाला बरोब्बर शिरोबिंदूवर, आणि त्यापुढे मागच्या बाकावरून आवाज, "सर, तो तं भाईर चालना गया!" हे वाक्य मी आजवर पुस्तकातून पाठ करून घ्यायचो.

साइटवर लोकांनी केलेल्या रेडीमेड ॲक्टिव्हिटी भरपूर आहेत पण आपल्या पुस्तकाच्या शब्दांत हवं तर स्वतःच बसावं लागतं, सुरुवातीला एका फाइलला माझे दोन-दोन तास गेले. मोबाइलवर पण चालतं, फक्त बोट जाडं असलं की नको तो बिंदू हलतो. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद, मग लॅपटॉपभोवती सगळी गर्दी आणि माउससाठी भांडणं.

सध्या पायथागोरसची फाइल चालू आहे. सहलीला पाटणादेवीला गेलो होतो तिथे भास्कराचार्यांचा विषय निघाला, म्हणून त्यांचीच रीत घेतली, कर्णावरच्या चौरसात चार काटकोन त्रिकोण आणि मधे छोटा चौरस. बाजू ३, ४, ५ घेतल्या की चार त्रिकोणांचे ४ × ६ अधिक छोट्या चौरसाचा १, झाले २५. स्लायडर लावलाय, त्रिकोण अजून नीट फिरत नाहीत. कोणी केलं असेल तर फाइल पाठवा ना.