पाकिटाच्या तोंडाशी फायबर, तळाशी बेगड

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग आणि निपाणी-संकेश्वरकडं ब्लाउजवर मशीन एम्ब्रॉयडरी करणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. प्रेसनं, म्हणजे इस्त्रीनं, एकमेकांना जुळणारं चमकीचं फायबर म्हणून एक एजंट दुकानोदुकानी पाकिटं विकत फिरतोय. माझे पैसे गेलेत. तो फसवतो कसा, हे माल कळल्याशिवाय ध्यानात यायचं नाही, म्हणून आधी मालाचं सांगते.

हे फायबर म्हणजे पॉलिएस्टरच्या केसाइतक्या बारीक तारा, उजेडात रंग बदलणाऱ्या. चिमूटभर पिंजून बटर पेपरवर पसरायच्या, वर दुसरा बटर पेपर ठेवायचा आणि इस्त्री सिल्कच्या खुणेवर, वाफ न सोडता, दोन-चार सेकंद फिरवायची. गार झाल्यावर उचलली की तारांची मिळून जाळीदार पातळ चादर झालेली असते. ती फ्रेममधल्या कापडावर ठेवून आउटलाइन मारली की सुईच्या भोकांच्या रेषेवरून बाहेरचा भाग फाडून काढता येतो. वरचं भरण मात्र विरळ ठेवायचं. नेहमीच्या डेन्सिटीनं, म्हणजे टाक्यांच्या दाटीनं, भरलं तर धागाच सगळी चमक झाकतो, मग एवढा खटाटोप कशाला! गडद खणाच्या ब्लाउजवर मोराच्या पिसाऱ्यात हे काम फार उठून दिसतं, आणि गुळेदगुडचा खण असेल तर बघायलाच नको. लग्नसराईत गिऱ्हाईक हेच मागायला लागलं होतं.

हॉटफिक्सचे, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारे, खडे आपण लावतो त्यांच्या पाठीला डिंक असतो, म्हणून ते कापडाला धरतात. या तारांना डिंक नसतो. त्या एकमेकींनाच धरतात. कापडाला चिकटवायच्या तर मधे इस्त्रीनं वितळून चिकटणारी फ्युजिंगची जाळी घालावी लागते. शिवाय अगदी तशाच दिसणाऱ्या, पण प्रेसनं न जुळणाऱ्या शोभेच्या तारा पण मिळतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

एजंट आला तेव्हा त्यानं माझ्याच टेबलावर, माझ्याच इस्त्रीनं नमुना करून दाखवला. चादर झकास झाली. मी ती ओढून बघितली, एका तुकड्यावर भरून धुऊनही बघितलं. नमुना खराच होता. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल आल्यावर, असं ठरलं. ट्रान्सपोर्टनं पेटी आली, वरचं पाकीट उघडून प्रेस केलं, तेही जुळलं. उरलेले पैसे मी पाठवले.

काम सुरू केल्यावर प्रकार कळला. प्रत्येक पाकिटात वरचा थर खऱ्या फायबरचा आणि खाली सजावटीच्या झिरमिळ्यांचा बारीक कापलेला बेगड. बाजारात आंब्याच्या पेटीत वर निवडक आणि खाली डागी लावतात, तोच प्रकार. इस्त्री फिरवली की खालचा माल तसाच सुटा, फुंकर मारली की उडायचा.

फोन केला तर म्हणाला, “अक्का, तुमची प्रेसच कमी पडतेय. तापमान वाढवा.” वाढवलं तर रंग गेला, तारा आक्रसल्या. मग म्हणाला, “जास्त तापवलंत, आता माझी जबाबदारी नाही.” हे उत्तर त्यानं मुरवून ठेवलेलं आहे. खरं फायबरही जास्त तापलं की त्याची झाक मरते, त्यामुळं ऐकणाऱ्याला आपलंच चुकलं असं वाटतं. पण त्याच इस्त्रीवर, त्याच खुणेवर वरचा थर जुळत होता आणि खालचा नाही, ह्यावर त्याच्याकडं बोलायला काही नव्हतं. त्यानं फोन ठेवला.

बिल काढून बघितलं तर त्यावर ‘डेकोरेटिव्ह फायबर’ एवढंच लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. पैसे गेलेले खातं तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. शेवटच्या फोनवर तो हसत म्हणाला, “केस करायची तर कोल्हापुरात या, मी तिकडचा.” सीमेवरच्या माणसाला ही धमकी बरोब्बर लागते. पण ती पोकळ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला बेळगावातच. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा नाही, असंही कुणीतरी सांगेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल ह्या कायद्यात धंद्याचा धरत नाहीत, तो ग्राहकाचाच धरतात. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर बरं. मी न उघडलेली पाकिटं, ट्रान्सपोर्टची पावती आणि त्याचे मेसेज जपून ठेवलेत, तक्रार दिलीय.

माल घेताना पाकीट उलटं करून तळातली चिमूट काढा आणि विकणाऱ्यासमोर प्रेस करा. बिलावर ‘प्रेसनं जुळणारं’ असं लिहून घ्या. जाळी न घालता थेट कापडाला चिकटतं, असं कुणी सांगितलं तर तिथंच थांबा. चिकोडीच्या एका बाईंकडं हाच माणूस परवा वेगळ्या नंबरानं आला होता. त्यांनी तळातला माल मागितला, तर “पुढच्या आठवड्यात येतो” म्हणून पेटी उचलून गेला.