लीजहोल्ड फ्लॅट की इस्टेटवरचं फ्रीहोल्ड घर: इंग्लंडमध्ये घर घेताना देखभाल खर्चाची तुलना

स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्सकडे नव्या वसाहतीत घर शोधणाऱ्यांचा हिशेब बहुतेक असा असतो: फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर), म्हणजे कायमचा सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचं शुल्क), घर फ्रीहोल्ड (जमिनीसह कायमची मालकी), म्हणजे कुणाचं काही देणं नाही. यातला दुसरा भाग नव्या वसाहतीत बहुधा चुकतो. सीएमए या नियामक संस्थेच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालानुसार, ११ मोठ्या बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या फ्रीहोल्ड घरांपैकी सुमारे ८० टक्के घरांवर इस्टेट चार्ज (वसाहतीच्या सामाईक देखभालीचं शुल्क) होता. सरासरी वर्षाला ३५० पौंड. रस्ते, दिवे, बाग, पावसाच्या पाण्याचं तळं काउन्सिलने (स्थानिक पालिकेने) ताब्यात घेतलेलं नसतं, म्हणून हा चार्ज. काउन्सिल टॅक्समध्ये मात्र त्यापोटी एक पैचीही सूट नाही.

फ्लॅटचा आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. त्यात इमारतीचा विमा, लिफ्ट, जिने, छप्पर, देखभाल पाहणाऱ्या एजंटची फी आणि मोठ्या कामांसाठीचा रिझर्व्ह फंड येतो. शिवाय इमारत मोठ्या इस्टेटवर असेल तर इस्टेटचा हिस्सा वेगळा. घरवाल्याचं छप्पर आणि विमा त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, हे तुलना करताना विसरू नका.

खरा फरक आकड्यात नाही, भांडता येण्यात आहे.

लीजहोल्डरच्या पाठीशी १९८५ चा लँडलॉर्ड अँड टेनंट कायदा आहे. खर्च वाजवी हवा. एखाद्या कामाचा तुमचा वाटा २५० पौंडांपेक्षा जास्त होणार असेल, तर आधी कलम २० ची नोटीस (कामाची आगाऊ सूचना) आणि ३० दिवसांची मुदत, मग अंदाजपत्रकं आणि पुन्हा ३० दिवस. हे टाळलं, तर ट्रायब्युनलने (अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाने) सूट दिल्याशिवाय तुमच्याकडून २५० च्या वर वसुली नाही. खर्च होऊन १८ महिन्यांत मागणी किंवा लेखी कल्पना दिली नाही, तर तो पैसा बुडाला. मागणीपत्रासोबत हक्कांचा सारांश नसेल, तर तो येईपर्यंत पैसे थांबवता येतात. वाद असेल तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनल. नुसते पैसे भरले म्हणून तुम्ही रक्कम मान्य केली असं धरत नाहीत. त्यामुळे सगळं बिल अडवण्यापेक्षा भरून भांडणं शहाणपणाचं. अडवलं, तर फ्रीहोल्डर (इमारतीचा मालक) थेट तुमच्या बँकेकडे जातो, बँक थकबाकी भरून ती कर्जात चढवते.

फ्रीहोल्ड घराला यातलं जवळपास काही नाही. २४ मे २०२४ ला मंजूर झालेल्या सुधारणा कायद्यात घरमालकांसाठी असेच हक्क लिहिले आहेत, पण तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो. करार करताना कोणता भाग लागू आहे हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या. आपल्याकडच्या सोसायटीसारखी सर्वसाधारण सभाही गृहीत धरू नका. इस्टेटची देखभाल करणारी कंपनी रहिवाशांच्या हाती आली नसेल, तर एजंट बदलण्याची ताकद तुमच्याकडे नसते.

थकबाकीत तर उलटंच चित्र दिसतं. लीज रद्द करायला थकबाकी ३५० पौंडांपेक्षा जास्त किंवा तीन वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि आधी ती कबूल व्हावी लागते किंवा ट्रायब्युनल अथवा कोर्टाने ठरवावी लागते. घरावर 'इस्टेट रेंटचार्ज' (देखभालीचं शुल्क घरावरच कायदेशीर बोजा म्हणून बांधलेलं) असेल, तर १९२५ च्या प्रॉपर्टी कायद्याचं कलम १२१ लागू होतं: ४० दिवस थकलं की रेंटचार्जवाला घराचा ताबा घेऊ शकतो किंवा ते ट्रस्टींना लीजवर देऊ शकतो. रक्कम कितीही किरकोळ असो! म्हणूनच अनेक बँका अशा घरावर कर्ज द्यायला कचरतात. उपाय आहे: हे कलम वगळणारं 'डीड ऑफ व्हेरिएशन' (मूळ दस्तात बदल करणारा दस्त). ते विकणाऱ्याच्या खर्चाने, एक्स्चेंजच्या (खरेदीचा करार पक्का होण्याच्या) आधी करून घ्या.

कागद कोणते मागायचे? फ्लॅटसाठी एलपीई१ (लीजहोल्डची माहिती देणारा) फॉर्म, तीन वर्षांचे हिशेब, रिझर्व्ह फंडातली शिल्लक, आणि कलम २० ची नोटीस निघाली आहे का ते. घरासाठी एफएमई१ (फ्रीहोल्ड इस्टेटच्या देखभालीची माहिती देणारा) फॉर्म. रस्ते काउन्सिलने ताब्यात घेण्यासाठीचा कलम ३८ चा करार झाला आहे का. आणि लँड रजिस्ट्रीत कंपनीच्या संमतीशिवाय विक्री नोंदवू नये असं बंधन आहे का. ते असेल, तर पुढे विकताना त्या संमतीच्या दाखल्याची फी तुमच्या माथी येते, आणि तो यायला आठवडे लागतात.

रेंटचार्ज नसलेलं किंवा डीड झालेलं घर फ्लॅटपेक्षा चांगलं. रेंटचार्ज आहे आणि विकणारा डीड करून देत नाही, तर नियमांत बांधलेला महागडा फ्लॅट बरा.